बघण्यासारखं काही झालं नाही

बारामती-इंदापूर पट्ट्यात माणूस निवृत्त झाला की पुढं त्याचं काय होणार, हे बहुधा आधीच ठरलेलं असतं. साखर कारखान्यातून सुटलेला शेतात जातो, शाळेतून सुटलेला पतसंस्थेवर जातो आणि पुढारी निवृत्तच होत नाही. बँकेतून सुटलेल्याचा मात्र नेम नसतो. काटेवाडीच्या आमच्या दाजींनी जन्मभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. रिकामे झालेले हात त्यांना स्वस्थ बसू देईनात. मोबाइलवर त्यांनी परदेशातले दाढीवाले गृहस्थ आपापल्या गॅरेजात अक्रोडाच्या फळ्या गुळगुळीत करताना पाहिले आणि एका एकादशीला, साबुदाण्याची खिचडी खाता खाता, जाहीर केलं की यापुढं घरचं फर्निचर घरीच होईल. घरात फर्निचर भरपूर आहे, हे ताईनं लक्षात आणून दिलं. पण छंदाला गरज लागत नाही, जागा लागते. आणि पडवीच्या टोकाची धान्याची खोली रिकामीच होती.

अशा रीतीनं पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळ एक जुनं रंधा मशीन दाजींच्या नजरेस पडलं. सबंध बिडाचं. वर रंधा, पोटात थिकनेस, बगलेला गोल करवत. अंगावर बटाल्याचा शिक्का. पंजाबातल्या या गावातल्या भट्ट्यांनी बिडाच्या बाबतीत कधी हात आखडता घेतलेला नाही. मशीनच्या पाटीवर कंपनीचं नाव होतं, हॉर्सपॉवर होती, फेरे होते, वजन नव्हतं. वजन हे गिऱ्हाइकानं पाठीचा कणा खर्चून शोधून काढायचं असतं, असा कारखानदारांचा समज असावा.

सुदैवानं ऊसपट्ट्यात वजनकाट्याची वाण नाही. टेम्पो रिकामा एकदा आणि भरून एकदा काट्यावर चढला आणि उत्तर आलं ४२५ किलो. गावात हा आकडा पोचला तेव्हा ऊसवाल्यांनी तो फेटाळून लावला. काटा जे दाखवतो त्याहून माल नेहमी जास्त असतो, हा त्यांचा पिढीजात अनुभव. सगळ्यांच्या मतानं मशीन पाचशेच्या खाली नव्हतं. एरवी हा संशय कारखान्यापुरता असतो. पण ओझं उचलण्याच्या कामात तो फार उपयोगी. वजन नेहमी जास्तच धरावं, म्हणजे दोर जाड घेतला जातो.

पुण्यात मशीन टेम्पोत चढलं ते माथाडी हमालांच्या हातून. तो प्रसंग वर्णन करण्यासारखा नाही, कारण त्यात काहीच घडलं नाही. चार जण आले, मशीनभोवती एक फेरी मारली, एकानं मान डोलावली, आणि थोड्या वेळानं मशीन टेम्पोत होतं. एवढं मुकाट काम आपल्याकडं दुसरं कुठलंच होत नाही. माथाडी कायदा झाला १९६९ साली. पोतं पन्नास किलोंच्या वर नसावं, यासाठी बाबा आढावांच्या हमाल पंचायतीला वर्षानुवर्षं भांडावं लागलं. तिकडं जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनंही १९६७ साली सांगून ठेवलंय, की धडधाकट पुरुषानं ५५ किलोंपेक्षा जास्त उचलू नये. ज्यांचं पोट ओझ्यावर आहे ते किलो किलो मोजतात. ज्यांना आयुष्यात गॅसच्या सिलिंडरपलीकडं काही उचलावं लागलेलं नाही, ते म्हणतात, "त्यात काय, धर की!"

पुणे-सोलापूर रस्ता, पाटसचा फाटा, बारामती आणि तिथून नव्यानं रुंद झालेला पालखी मार्ग. प्रवास सुखाचा झाला. वाहन होतं छोटा हत्ती. यावरून विजापूरची मुलूखमैदान तोफ आठवते. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, पुढं ती परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि तिथून विजापूरला न्यायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. तिचं वजन ५५ टन. दाजींच्या मशीनला एक हत्ती पुरला, तोही छोटा. बैल लागलेच नाहीत. शेकडो माणसं मात्र दोन्हीकडं सारखीच.

टेम्पो अंगणात लागला आणि माणसं जमू लागली. हे गाव चार वेळा मुख्यमंत्री झालेल्या शरद पवारांचं. नेतृत्व इथं नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याबरोबर शेतात शिरतं. त्यामुळं जमलेल्यांत मशीन उचलणारे थोडे आणि उचलायला लावणारे फार, हे ओघानं आलंच. पांढऱ्या टोपीतल्या एका काकांनी टेम्पोभोवती फिरून निकाल दिला, "दहा जण लावा. बेचाळीस-बेचाळीस किलो वाट्याला येतंय. पोरीबाळीबी उचलत्यात."

हिशेब कागदावर चोख होता. अडचण एवढीच, की वजनाला समान वाटप ठाऊक नसतं. उंच माणूस टोक वर धरतो आणि त्याचा वाटा बुटक्याकडं घरंगळतो. एकाचा पाय सटकला की त्याचे बेचाळीस किलो शेजाऱ्यांच्या नावावर चढतात, आणि ही वारस नोंद तलाठ्याकडं न जाताच होते. शिवाय दहा जणांनी धरायचं कुठं? मशीनला हात घालण्याजोग्या जागा चार. उरलेले सहा जण टेबलाला धरणार. आणि रंध्याचं टेबल डव्हटेलच्या खाचेत सरकणारं असतं. ते ओझं पेलण्यासाठी नसतं, फळी पेलण्यासाठी असतं. टेबलाला धरून उचललेलं मशीन घरात येतं, पण पुढं जन्मभर तिरकं रंधतं.

तालमीत जाणारा दाजींचा पुतण्या बाह्या सरसावून आधीच टेम्पोत चढला होता. पायात रबरी चप्पल, गळ्यात लोंबती साखळी, बोटांत तीन अंगठ्या. एक अंगठी साडेसातीसाठी होती. शनीचा बंदोबस्त झाला होता. बीड आणि लोखंडी पट्टी यांच्या फटीत सापडलेल्या बोटाचा झालेला नव्हता.

तेवढ्यात जेसीबी आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आपल्याकडं जेसीबी बोलवावा लागत नाही. वऱ्हाडात घोडं शिरावं तसा तो अंगणात येतो. हल्ली पुढाऱ्यावर फुलं उधळायला जेसीबी, गुलाल उडवायला जेसीबी, मग मशीन उतरवायला का नको? ड्रायव्हर पोरगा उत्साही होता. त्यानं कुणाच्या तरी गोठ्यातलं चऱ्हाट आणलं, मशीनच्या पोटाखालून घेतलं आणि बकेटच्या दातांत अडकवायला निघाला. बकेटचे दात माती खणण्यासाठी धारदार ठेवलेले असतात. त्यांना दोर आणि माती यांतला फरक कळत नाही. वर डोक्यावरून महावितरणची तार गेलेली. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, कारण त्या वेळी लाईट गेलेली होती. ती कधीही येते, ही गोष्ट गावात फक्त पिठाच्या गिरणीवाल्याला गंभीरपणं ठाऊक असते.

आणि आरडाओरडा सुरू झाला. वाहन मागं घेताना आपल्याकडं जो "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" असा गजर चालतो, त्यातला "बास!" हा नेहमी धडक बसल्यावर येतो. इथं तर चारही बाजूंनी चार जण "माझ्याकडं घे" म्हणत होते. दाजी मधोमध उभे राहून सगळ्यांना होकार देत होते. बँकेत गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, ही सवय.

या गोंधळात सायकलवरून आप्पा आले. आप्पा एका सहकारी साखर कारखान्यातले निवृत्त खलाशी. खलाशी म्हटल्यावर समुद्र आठवतो; पण समुद्रापासून दूर या उसाच्या मुलखातही खलाशी असतात. हंगाम संपला की गाळपाचे टनावारी वजनाचे रोलर काढायचे, नवे बसवायचे, हे त्यांचं काम. इंजिनियर नकाशा काढतो, फिटर पाना फिरवतो, आणि वजनदार वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी कशी गेली हे फक्त खलाशाला माहीत असतं. केरळात १९८८ साली रेल्वेचे डबे अष्टमुडी तलावात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढायला मलबारचे खलाशीच कामाला आले होते. त्यांची हत्यारं काय, तर दोर, कप्पी आणि वासे.

आप्पांनी सायकल लिंबाला टेकवली, मशीनकडं बघितलंही नाही, आणि दाजींना विचारलं, "सायेब, ठेवायचं कुठं?"

सगळे गप्प झाले. उचलायचं कसं यावर अंगणात पंधरा मतं होती. ठेवायचं कुठं यावर एकही नव्हतं. दाजींनी खोलीकडं बोट केलं. "खोली न्हवं. खोलीत कुठं?" आप्पा आत गेले. खिशातून खडू काढून फरशीवर मशीनच्या पायांचा चौकोन आखला. मग एक आठ फुटी फळी मागवली आणि चौकोनाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला हळूहळू सरकवली. रंध्यात आठ फुटी फळी घालायची तर अलीकडं आठ फूट मोकळे लागतात आणि पलीकडंही आठ. खोली बारा फुटांची. फळी भिंतीला जाऊन थडकली. चौकोन पुसला, वळवला, पुन्हा आखला. या खेपेला फळीचं टोक खिडकीतून थेट बाहेर गेलं. "आता बसतंय," आप्पा म्हणाले. तेव्हापासून दाजींची रंधलेली फळी शेजाऱ्यांच्या अंगणात जन्माला येते.

नंतर त्यांनी दाराची चौकट मापली. तीस इंच. मशीन टेबलासकट चौतीस. भिंत पाडायची सूचना टोपीवाल्या काकांनी तत्काळ मांडली आणि जेसीबीवाल्यानं तिला अनुमोदन दिलं. आप्पांनी टेम्पोत चढून टेबलाचे बोल्ट सोडले, मोटर उतरवली, पट्टा काढला, करवतीचं पातं पोत्यात गुंडाळून ताईकडं दिलं. मशीन सव्वीस इंच झालं आणि वजनही शंभरेक किलोंनी उतरलं. जड वस्तू हलकी करण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तिचे भाग सुटे करणं. पण त्यात जोर दिसत नाही, पाना दिसतो. म्हणून तो उपाय गर्दीला पटत नाही.

जेसीबीवाला हिरमुसला. त्याची समजूत घालताना आप्पांनी अंगणातल्या मातीवर काडीनं दोन त्रिकोण काढले. दोराच्या दोन फाट्यांनी ओझं टांगलं आणि फाटे उभट असले, म्हणजे जमिनीशी साठ अंशांवर, तर चारशे किलोंच्या ओझ्याला प्रत्येक फाट्यावर साधारण दोनशे तीस किलोंचा ताण येतो. तेच फाटे पसरट होऊन तीस अंशांवर आले की प्रत्येक फाट्यावर पुरे चारशे. दोर तोच, ओझं तेच. नुसता आखूड बांधला म्हणून तुटतो. "आन् तुझं ह्ये चऱ्हाट म्हशीचं हाय," आप्पा म्हणाले. "म्हस सुटली तर घरला येती. ह्ये सुटलं तर पायावर येतंय."

इथून पुढचं काम अंगणातल्या लोकांना आवडलं नाही.

आप्पांनी पाच फुटी पहार घेतली. टोकापासून तीन इंचांवर लाकडी ठोकळ्याचा टेकू दिला. साठ इंचांतले तीन इंच अलीकडं, सत्तावन्न पलीकडं; म्हणजे हाताचा जोर एकोणीस पट. मशीनची एक कड उचलायची म्हणजे निम्मंच वजन. पहारीच्या शेंड्यावर आठ-दहा किलोंचा दाब पुरतो. तो दाब त्यांनी दाजींना द्यायला लावला. पासबुकाखेरीज काही न उचललेल्या दाजींनी एका हातानं मशीनची कड वर केली आणि ते स्वतःच चकित झाले. कड इंचभर वर, की लगेच खाली इंचाची फळी. पुन्हा इंच, पुन्हा फळी. "इंच उचलायचं, इंच भरायचं. मधी पोकळी ठेवायची न्हाय." फळी सारायची ती काठीनं, बोटं आत घालायची नाहीत. पुतण्याकडून अंगठ्या काढून घेतल्या गेल्या. शनीचीसुद्धा.

मग मशीनच्या पायांखाली बाभळीचे दोन लांब ओंडके घालून ते बोल्टनं आवळले. रंधा मशीनचं वजन वरच्या अंगाला असतं आणि पाय आखूड. ते सरकताना अडतं तेव्हा थांबत नाही, कलंडतं. ओंडक्यांनी बूड रुंद झालं. टेम्पोच्या फाळक्यापासून अंगणापर्यंत दहा फुटी लोखंडी चॅनेल लागले, त्यांना वंगण फासलं. एक जाड दोर मशीनच्या कमरेला बांधून लिंबाच्या बुंध्याला दोन वेढे दिले आणि त्याचं टोक आप्पांनी स्वतःच्या हातात घेतलं. टोपीवाले काका म्हणाले, "म्हातारा एकटा काय धरतोय!" पण धरत होता तो लिंब. बुंध्याला दोन वेढे बसले की चाळीसेक किलोंची ओढ किलोभराच्या हातानं रोखता येते. साल आणि दोर कसे आहेत त्यावर थोडं कमीजास्त. माणसांच्या हातानं धरलेलं ओझं माणूस दमला की सुटतं. लिंब दमत नाही, आणि "माझ्याकडं घे" म्हणत नाही.

चॅनेलच्या खालच्या अंगाला पोरं उभी होती, पडलं तर धरायला. आप्पा पहिल्यांदा आणि शेवटचे ओरडले ते इथं. "खालनं बाजूला! पडलं तर पडू द्यायचं. बीड फुटलं तर दुसरं मिळतंय." पडत्याला हात द्यावा ही आपली शिकवण. चालत्या वाटेवर माणूस पडला, दुकानात धंदा पडला, निवडणुकीत उमेदवार पडला, तर द्यावा हात. तीनशे किलोंचं मशीन पडताना हात दिला तर तो हात मशीनकडं राहतो.

आणखी एक नियम त्यांनी घातला. "घे" म्हणायचा अधिकार एकट्याचा; "थांब" म्हणायचा सगळ्यांचा. दारातून ताई जरी "थांब" म्हणाली तरी थांबायचं. काटेवाडीच्या सार्वजनिक जीवनात असा ठराव यापूर्वी मंजूर झालेला नसावा. नेमकं पहिलं "थांब" ताईनंच म्हटलं. मशीनच्या वाटेत तिची तुळस होती.

मशीन अंगणात उतरलं. दारापर्यंत माती, पावसानं मऊ झालेली. आप्पांनी प्लायवूडचे तुकडे ओळीनं अंथरले. आषाढात तुकोबांची पालखी येते तेव्हा काटेवाडीत परीट मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं; ते बघायला लांबून लोक येतात. पालखी यायच्या आधी पायघड्या हव्यात, हे या गावाला शिकवायला नको. मशीनच्या बाबतीत मात्र आधी पालखी उचलायची आणि मग खांद्यावर घेऊन "आता न्यायचं कुठनं?" विचारायचं, अशी रीत. प्लायवूडवर दीड इंची पाइपांचे तुकडे टाकले. बागायती गावात पाइप मागावे लागत नाहीत, अंगणात पडलेलेच असतात. फरफटत ओढायचं तर निम्म्या वजनाइतका जोर लागला असता. पाइपांवर दहा-पंधरा किलोंत काम झालं. मागून सुटलेला पाइप पुढं आणून ठेवायचा, वळायचं असेल तर पुढचा पाइप जरा तिरका घालायचा, मशीन आपोआप वळतं. उंबऱ्यावर दोन्हीकडून फळ्यांचा उतार केला. उंबऱ्यावर पाय देऊ नये म्हणतात. मशीननं दिला नाही.

हे सगळं चाललं असताना अंगण रिकामं होत गेलं. आधी जेसीबी गेला. मग टोपीवाल्या काकांना दूध घालायची वेळ आठवली. पोरं मोबाइल वर धरून होती, पण चित्रण करण्याजोगं काही घडेना. इंचाइंचानं सरकणाऱ्या मशीनला कोण लाईक करणार? मशीन दारातून आत शिरलं तेव्हा चौघंच उरले होते, आणि कामाला माणसंही तेवढीच लागत होती. एकूण सुरक्षिततेची साधी खूण ही, की बघणारे कंटाळून उठले पाहिजेत. गर्दी हलत नसेल तर समजावं, काहीतरी पडणार आहे. लोकांना ते आपल्या आधी कळतं.

मशीन खडूच्या चौकोनात बसलं. टेबल, मोटर पुन्हा चढली. ताईनं हळदकुंकू वाहिलं आणि नारळ थेट रंध्याच्या चकचकीत टेबलावर फोडला. आप्पांनी धोतराच्या सोग्यानं ते पाणी पुसलं, वर तेलाचा हात फिरवला. नारळपाण्यानं बिडावर रात्रीत तांबेरा चढतो. पूजा झाली पाहिजे, पण टेबलही राहिलं पाहिजे. चहा झाला. पैसे घ्यायला आप्पा तयार होईनात; शेवटी पुढच्या वर्षीच्या खांडेपूजेचं आमंत्रण आणि एक पाट करून देण्याचं वचन, यावर मिटलं.

पारावर मात्र नाराजी होती. एवढं मोठं मशीन पुण्याहून आलं, आणि कुणाचं नख गेलं नाही, भिंतीचा पोपडा उडाला नाही, सांगायचं काय? काकांनी आपल्या परीनं गोष्टीत जेसीबी घातला, दोर तुटता तुटता वाचवला, पण श्रोत्यांना ते पटेना, कारण पुतण्याची दहाही बोटं त्यांच्यासमोर पत्ते पिसत होती.

दाजी आता बँडसॉ बघताहेत. तो रंध्यापेक्षा अवघड. माणसाहून उंच, वरच्या चाकात वजन, आणि तेही एका अंगाला कललेलं. उभा सरकवला तर हटकून कलंडणारा. ही बातमी पारावर पोचली तेव्हा पहिला प्रश्न आला, "आप्पा असणार का?"

असणार, असं कळल्यावर टोपीवाले काका उठले.

"मग आम्हाला नका बोलवू," ते म्हणाले. "म्हातारं काय बघूच देत न्हाय."